अण्णांची टू-टू: वारसा परवान्यापासून शंभर मीटरपर्यंत

आमच्या मोहोळ तालुक्यातल्या घरी लोखंडी कपाटात, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक रायफल होती. पॉइंट टू टू बोअरची, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या नळीची (तिलाच टू-टू म्हणतात), ब्रनो मॉडेल टू. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८४ साली परवान्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली. तेव्हा चेकोस्लोव्हाकिया हा एक देश होता आणि तिथल्या रायफली आपल्याकडे येत होत्या. त्याच दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, म्हणून आजही अशा जुन्या रायफली वडिलांकडून मुलांकडे जात राहतात.

जून २०२२ मध्ये अण्णांना सत्तर पूर्ण झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, गावचं घर बंद करून ते माझ्याकडे जुळे सोलापुरात राहायला आले होते. एका संध्याकाळी म्हणाले, "बाळ, ती रायफल जमा करून टाकू का? आता कोण सांभाळणार?" मी तेव्हा तीन वर्षं १० मीटर एअर रायफल शिकत होते. मी म्हटलं, मी सांभाळते. त्या एका वाक्यातून पुढची तीन वर्षं कशी गेली ते इथे लिहिते आहे. मला सुरुवातीला मराठीत एकही सविस्तर अनुभव वाचायला मिळाला नव्हता. कुठल्या कागदानंतर कुठला कागद लागतो हेच कळत नव्हतं आणि शस्त्राचं काम असल्यामुळे कुणाला विचारायचीही भीती वाटायची.

कागद

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला परवाना मागता येतो. तो हयात असेल तर त्याने सत्तरी गाठलेली असावी किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झालेली असावीत, मग तो स्वतः वारस सुचवू शकतो. अण्णा दोन्हीत बसत होते. एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या: परवाना आपोआप 'ट्रान्सफर' होत नाही. वारसाला स्वतःच्या नावाचा नवा परवाना काढावा लागतो, आणि तो देणं न देणं हा परवाना अधिकाऱ्याचा निर्णय असतो.

अधिकारी कोण, हा माझा पहिला गोंधळ. सोलापूर शहराला पोलिस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरात राहणाऱ्यांसाठी परवाना अधिकारी पोलिस आयुक्त. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. अण्णांचा परवाना गावचा, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाचा, मी शहरातली. म्हणून अर्ज एकीकडे आणि ना हरकत दुसरीकडून. तुमचंही गाव आणि शहर असं असेल तर दोन्ही कार्यालयांत एकाच आठवड्यात अर्ज द्या. मी एकाची वाट बघत दुसरा थांबवला आणि दोन महिने घालवले.

९ जानेवारी २०२३ ला ऑनलाइन फॉर्म ए-१ भरायला बसले. अण्णांच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला ओळख क्रमांक, होता, त्यामुळे राष्ट्रीय नोंदीत रायफल सापडली. ज्यांचे जुने परवाने कधी ऑनलाइन चढलेच नाहीत त्यांनी सगळ्यात आधी तेवढं तपासावं. छापील प्रती घेऊन गेले तेव्हा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा सुरू होती, सगळा बंदोबस्त तिकडे. संक्रांत झाल्यावर या, असं सांगितलं. २० जानेवारीला कागद जमा झाले: आधार, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, अण्णांचं संमतीपत्र, भावाचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी.

७ फेब्रुवारीला फाइल परत आली. चूक माझीच. भावाच्या प्रतिज्ञापत्रात मी रायफलचा नंबर परवान्याच्या झेरॉक्सवरून उतरवला होता आणि पुसट ७ चा १ झाला होता. पुन्हा १०० रुपयांचा स्टॅम्प, पुन्हा नोटरी, आणि त्यासाठी भाऊ पुण्याहून खास आला. नंबर नेहमी रायफलच्या पोलादावरून, चांगल्या उजेडात, दोघांनी वाचून लिहावा.

एप्रिलमध्ये चौकशीला हवालदार घरी आले. मी पोहे केले होते आणि हात थरथरत होते. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, घरात भांडणतंटा, दारू, कुठली केस आहे का ते पाहिलं, मग खुर्चीत बसून म्हणाले, "रायफल कशाला ओ ताई? तुम्ही तर बँकेत आहात." मी त्यांना एअर रायफलची सर्टिफिकेटं आणि माझी सरावाची वही दाखवली. ते बराच वेळ ती वही चाळत बसले. या प्रश्नाचं खरं, साधं उत्तर तयार ठेवा. ते अर्जात लिहिलेल्या कारणाशी जुळलं पाहिजे. मी कारण 'नेमबाजीचा सराव' असं लिहिलं होतं, स्वसंरक्षण नव्हे.

मेमध्ये सिव्हिलमधून शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला, जूनमध्ये शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ऑगस्टमध्ये मुलाखत, दहा मिनिटांची. मग सप्टेंबरभर काहीच नाही. त्या महिन्यात मी रोज मेल उघडून पाहायचे. १९ ऑक्टोबर २०२३ ला परवाना हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत पाच वर्षांची झाली आहे, म्हणून माझा ऑक्टोबर २०२८ पर्यंत. नऊ महिने दहा दिवस लागले. फी, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि रिक्षा धरून साधारण साडेसहा हजार खर्च झाला. त्याशिवाय १३,५०० रुपयांची लोखंडी तिजोरी, भिंतीत बोल्ट मारून बसवलेली. रायफलची नोंद अण्णांच्या परवान्यावरून निघून माझ्या परवान्यावर चढली त्या दिवशी अण्णा कार्यालयाच्या बाकावर बसून होते. बाहेर आल्यावर सातरस्त्यावर चहा घेतला. ते काही बोलले नाहीत, फक्त रायफलची पिशवी माझ्या हातात दिली.

दोनशे राउंड

आता एक गोष्ट, जिच्यामुळे आपल्याकडे हा सगळा खटाटोप परदेशातल्यापेक्षा वेगळा होतो. माझ्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिली आहे: एका वेळी १००, वर्षाला २००. बाहेरचे लोक एका रविवारी उडवतात तेवढे राउंड मला वर्षभर पुरवायचे असतात. म्हणजे रायफल सुधारताना चार स्कोप, सहा प्रकारच्या गोळ्या आणि हजार राउंड झाडून काय चांगलं ते बघू, ही पद्धत इथे चालत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, चाळीस राउंडमध्ये त्याचा निकाल बघायचा आणि सगळं लिहून ठेवायचं.

श्वास, चाप, डोळा यांचा बाकीचा सराव मी एअर रायफलवरच करते. ४.५ मिलीमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. ज्यांना टू-टू घ्यायची इच्छा आहे त्यांनी दोन वर्षं तिच्यावर काढावीत असं मी मनापासून सांगेन.

१७ डिसेंबर २०२३ ला पहिल्यांदा ५० मीटरच्या रेंजवर गेले. सोलापुरात माझी सोय १० मीटरपुरतीच होती, म्हणून पुणे. २५० किलोमीटर, भावाकडे मुक्काम, सकाळी सातला रेंज. प्रवासात रायफल रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढून वेगळा, काडतुसं वेगळ्या डब्यात कुलपात, मूळ परवाना माझ्या पर्समध्ये. जुन्याच उघड्या साइटवर (नेम धरायच्या लोखंडी खुणेवर), वाळूच्या पिशवीवर टेकून पाच-पाच राउंडचे ग्रुप घेतले, म्हणजे पाच गोळ्या किती पसरतात ते मोजलं. सर्वात चांगला ७२ मिलीमीटर. तुलनेसाठी सांगते, ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं असतं.

मी ठरवलं की दोष साइटचा. जानेवारीत ४ ते १२ पटीचा स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, घेतला, पुढच्या भिंगाजवळ अंतर जुळवायचं कडं असलेला, ११,८०० रुपयांना. सोबत तो रायफलीवर बसवायचे २,२०० चे माउंट. या ब्रनोच्या पाठीवर अकरा मिलीमीटरच्या खाचा कोरलेल्या असतात आणि आपल्याकडे एअर रायफलसाठी मिळणारे माउंट त्यावर बसतात, हा एक मोठा दिलासा. अंतराचं कडं मात्र हवंच. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांना जुळवलेले येतात. ५० मीटरवर डोळा जरा सरकला की त्यात नेमाची फुलीही टार्गेटवर सरकते.

स्कोप सरळ बसवायला अण्णांनी गवंड्याचा ओळंबा आणला. अंगणात पंधरा पावलांवर तो टांगला, रायफल पातळीत धरली आणि स्कोपची उभी रेघ दोरीवर येईपर्यंत स्कोप फिरवत राहिलो. ही रेघ तिरकी राहिली तर ५० मीटरवर कळत नाही. १०० मीटरसाठी स्कोपचं बटण फिरवून वर क्लिक (एकेक खाच) घेतले की गोळी बाजूला जाऊ लागते. ओळंब्याइतकं स्वस्त आणि बिनचूक साधन दुसरं नाही.

११ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा पुणे. आता टार्गेट ताटाएवढं दिसत होतं. ग्रुप ६० मिलीमीटर. चौदा हजार रुपये आणि बारा मिलीमीटर. परतीच्या वाटेवर इंदापूरपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. वर्षाचे चाळीस राउंड गेले होते, आणि दोष नक्की रायफलचा की माझा हेही समजत नव्हतं.

जमा

पुढे काय करायचं ते ठरवेपर्यंत १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्रं जमा करण्याचा आदेश आला. परवाना नवीन असलेल्या प्रत्येकाला हे माहीत हवं: निवडणूक आली की शस्त्र जमा करावं लागू शकतं. कुणाला सूट द्यायची ते छाननी समिती ठरवते. स्पर्धेत उतरणाऱ्या नोंदणीकृत नेमबाजांना ती मिळू शकते, पण त्यासाठी वेळेत अर्ज आणि कागद लागतात. माझ्याकडे तेव्हा नेमबाजी संघटनेचं सभासदत्व नव्हतं. २२ मार्चला रायफल आणि उरलेले राउंड पोलिस ठाण्यात दिले. पावतीवर रायफलचा नंबर, स्कोपचं वर्णन आणि राउंडची संख्या लिहून घेतली. स्कोप खरं तर काढून घरी ठेवायला हवा होता.

सोलापूरचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला, रायफल १८ जूनला परत मिळाली. पिशवी उघडली आणि पोटात गोळा आला. नळीवर तांबूस ठिपके होते. मी ती मायेने जाड टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून दिली होती. कापड हवेतली ओल धरून ठेवतं, आणि जूनच्या पहिल्या पावसात व्हायचं तेच झालं. त्यानंतर मी जमा करताना आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवते, गंजरोधक कागदात गुंडाळते आणि मगच पिशवीत ठेवते. लोकरी, सुती काहीही नाही. अण्णांची चादरसुद्धा कपाटातून निघाली.

लाकूड, स्क्रू आणि नळीचं तोंड

जुलैमध्ये पुण्यातल्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे रायफल नेली. सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. रायफल त्यांच्याकडे ठेवताना त्यांच्या रजिस्टरला नोंद आणि मला पावती, हे झाल्याशिवाय शस्त्र कुणाच्याही हातात सोडू नका. आणि ज्याच्याकडे परवाना नाही अशा कुठल्याही लेथवाल्याकडे, तो कितीही हुशार असला तरी, जाऊ नका.

चाचांनी स्कोपकडे पाहिलंही नाही. खिशातून दहाची नोट काढली, नळी आणि लाकूड यांच्या फटीत घातली आणि मागे सरकवली. चार बोटांवर ती अडकली. "बेटी, इथे लाकूड नळीला ढकलतंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात एका बाजूने, पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने. तू नेम कुठे धरणार?"

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी पडतात. लाकूड कुठेतरी टेकत असेल, आणि तेही दर वेळी वेगळ्या जोराने, तर ग्रुप पसरतो. चाळीस वर्षं चाळीस अंशांचा उन्हाळा आणि मग पावसाळा सोसलेलं ते लाकूड वाकलं होतं. चाचांनी ते आतून खरवडून नोट मोकळी फिरेल एवढी फट केली, उघड्या लाकडाला तेल पाजून बंद केलं. नळीचा मागचा भाग जिथे लाकडात बसतो तिथे इपॉक्सीचा पातळ थर देऊन पक्की बैठक केली. स्क्रू मापाच्या पान्याने आवळले आणि किती आवळले ते माझ्या वहीत लिहून दिलं. मी आजवर स्क्रू 'घट्ट' आवळत होते, दर वेळी वेगळे घट्ट.

मग नळीचं तोंड. भिंगातून त्यांनी मला दाखवलं: कडेला एका बाजूला घासल्याची खूण. कुणीतरी वर्षानुवर्षं पोलादी गजाने पुढून साफ केलं होतं. अण्णांना फोन लावला, ते म्हणाले, "मीच. तेव्हा तसंच करायचे सगळे." गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण. तिथे कड एकीकडे झिजली असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. बाहेरच्या देशांत असं तोंड थोडं कापून नवं करतात. चाचांनी स्पष्ट नकार दिला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि चाचा एक मिलीमीटरही कापायला तयार नव्हते. त्यांनी पितळी गोळा आणि बारीक पेस्ट घेऊन फक्त कड घासून एकसारखी केली. लांबी आधी आणि नंतर मोजून पावतीवर लिहिली. त्यांचा हा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटला. तुम्हीही कापण्याचा, नंबरजवळ पॉलिश मारण्याचा किंवा आवाज कमी करण्याचा विषय कुणाकडे काढू नका. ते सरळ गुन्ह्यात मोडतं.

चापाचं काम त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. आधी तो ओढताना मध्येच अडखळायचा. माशांच्या वजनकाट्याने मोजला तर अडीच किलोच्या वर. साफ करून, घासणारे भाग गुळगुळीत करून तो दीड किलोवर आणला. त्याहून हलका करा असं मी म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. बोल्ट जोरात बंद करून, दस्ता रबरावर आपटून रिकामा खटका आपोआप सुटत नाही हे दहा वेळा तपासलं. हे काम घरी करू नये. साफसफाई मात्र घरी करा: बोल्ट काढून मागच्या बाजूने, प्लास्टिकचं आवरण असलेल्या दांड्याने. आणि रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) चाप ओढत बसू नका. टू-टूसारख्या रिमफायरमध्ये सुई काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडते. सरावासाठी डमी राउंड वापरा.

मजुरी ९,००० रुपये. हे काम आधी केलं असतं तर स्कोपचा निर्णय मी शांतपणे घेतला असता. माझं आज ठाम मत आहे की जुन्या रायफलीवर पहिला रुपया लाकडावर आणि नळीच्या तोंडावर घालावा.

रायफल चाचांकडे असतानाच, १ ऑगस्टला दुपारी एकच्या सुमारास पॅरिस ऑलिंपिकची ५० मीटर थ्री पोझिशन फायनल सुरू झाली. गुरुवार होता. जेवणाची सुट्टी जोडून मी घरी आले. अण्णा आणि मी भाकरीचं ताट पुढ्यात घेऊन बसलो आणि ताट तसंच राहिलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे गुडघ्यावर, मग झोपून आणि शेवटी उभा राहून ४५१.४ पर्यंत गेला, तिसरा आला. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याची रायफलही टू-टूच, राउंड त्याच मापाचा. अण्णा डोळे पुसत म्हणाले, "आपलीच गोळी की गं ती."

गोळी

२२ सप्टेंबर २०२४, पुणे, ५० मीटर. पहिले दहा राउंड इकडे तिकडे गेले आणि मी घाबरले. चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं: नळी स्वच्छ धुतली की शिशाचा पातळ थर पुन्हा चढेपर्यंत टू-टू स्थिर होत नाही. मग पाच राउंड, २७ मिलीमीटर. पुन्हा पाच, २९. मी रेंजवरच खाली बसले.

मग गोळीकडे वळले. माझ्याकडे जुने वेगवान राउंड होते आणि विक्रेत्याकडून घेतलेले साध्या वेगाचे. आपल्याला वाटतं वेगवान तेच लांबवर चांगलं. टू-टूचं उलट आहे. वेगवान गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते, म्हणजे आवाजापेक्षा जलद, आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना डळमळते. साध्या वेगाची गोळी ३२५-३३० मीटरने निघते. २० अंशाला आवाजाचा वेग ३४३ मीटर, सोलापूरच्या ४० अंशांत ३५५ च्या घरात. म्हणजे ही गोळी सुरुवातीपासून आवाजाच्या खालीच राहते. वाराही वेगवान गोळीला जास्त ढकलतो, यावर माझा वही भरेपर्यंत विश्वास बसला नव्हता. साध्या वेगाच्या राउंडने त्याच दिवशी १९ मिलीमीटरचा ग्रुप आला. एकाच लॉट नंबरचे डबे मागून घ्या. लॉट बदलला की स्कोप पुन्हा जुळवावा लागतो.

मागे टेकवायची पिशवी मी घरी शिवली, फाटक्या सोलापुरी चादरीची. तिचा जाड विणीचा पोत लाकडाला छान धरतो. आधी तिच्यात ज्वारी भरली होती, कारण ती हलकी आणि आकार धरणारी. दोन महिन्यांत कीड लागली आणि पिशवी मऊ पडली. आता चाळून वाळवलेली वाळू आहे. गालाला टेकायला उंची कमी पडत होती, तिथे चांभाराकडून ३५० रुपयांत चामड्याची पट्टी करून घेतली.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा जमा. या वेळी स्कोप काढून, तेल लावून, कागदात. मतदान २० नोव्हेंबरला झालं, रायफल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली. एकही ठिपका नव्हता.

शंभर

९ फेब्रुवारी २०२५. पुणे जिल्ह्यातल्या एका परवानाधारक खासगी रेंजवर १०० मीटरची लेन मिळाली, तासाला ८०० रुपये. या वेळी अण्णा सोबत होते. परवाना माझ्या नावाचा असल्यामुळे ते रायफल चालवणार नव्हते, हे आम्ही निघण्यापूर्वीच बोललो होतो. त्यांनी वही आणि दुर्बीण घेतली.

५० मीटरला जुळवलेली टू-टू १०० मीटरवर जवळजवळ एक वीत खाली पडते. माझ्या स्कोपचा एक क्लिक १०० मीटरवर सात मिलीमीटरच्या आसपास हलतो, म्हणून हिशेबाने तीस क्लिक वर घेतले. पहिला राउंड काळ्या वर्तुळात, जरा उजवीकडे. मी क्लिक फिरवायला हात नेला तर अण्णा म्हणाले, "थांब. झेंडा बघ." बाजूच्या खांबावरची रिबन डावीकडून उडत होती. १०० मीटरवर जरा जोराचा आडवा वारा या गोळीला चार बोटं सरकवतो. वारा पडला की तोच नेम मध्ये बसतो. तेव्हापासून मी वाऱ्यासाठी क्लिक फिरवत नाही. रिबन एका ठरावीक कोनात येईपर्यंत थांबते आणि मगच चाप ओढते. वर्षाला दोनशेच राउंड असले की थांबणं आपोआप जमतं. सकाळी साडेनऊनंतर वारा आणि जमिनीवरची वाफ दोन्ही वाढतात, तेव्हा मी रायफल बंद करते, राउंड उरले तरी.

त्या दिवशीचा सर्वात चांगला ग्रुप ८४ मिलीमीटर, एप्रिलमध्ये ६८. उन्हाळ्यात एक गोष्ट शिकले: राउंडचा डबा गाडीत तापला तर गोळ्या वर लागतात. आता तो पाण्याच्या बाटल्यांसोबत, पण कोरड्या डब्यात, सावलीत ठेवते. जूनमध्ये संघटनेचं सभासदत्व घेतलं; पुढच्या निवडणुकीत शस्त्र जमा करण्यातून सूट मिळावी असा अर्ज करता येईल आणि स्पर्धेच्या सरावासाठी राउंडची मर्यादा वाढवून मागता येईल. तो अर्ज अजून टेबलावर आहे.

१९८४ पासून अण्णांनी एक निळी वही ठेवली आहे. घेतलेलं आणि वापरलेलं प्रत्येक काडतूस तारखेसह तिच्यात आहे. तपासणीला बोलावलं की ती वही दाखवायची ही त्यांची सवय. माझ्या नोंदीही आता तेच त्यात करतात. शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात अशी आहे: "१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळी ७.४०. १०० मीटर. वारा डावीकडून, हलका. पाच राउंड, ५२ मिमी. शिल्लक ३६."